चढणारे एक, उतरणारे एक

बस डेपोत त्याला सगळे ‘डोकं’ म्हणत. तेही पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. “डोकं आलं का?” “डोकं आज रजेवर आहे, उद्या या.” नवीन आलेला एखादा ड्रायव्हर हे ऐकून गांगरायचा, पण त्याला स्वतःला यात काही वावगं वाटत नसे. उलट मनातून बरंच वाटे. तेहेतीस वर्षं तो या शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं करत होता. कुठली गाडी किती वाजता सुटणार, कुठल्या वळणावर किती वाजता पोचणार, कुठला ड्रायव्हर कधी जेवणार, हे सगळं त्याच्या पेन्सिलीतून उतरायचं. एवढं काम डोक्याशिवाय कोण करणार?

त्याची खोली डेपोच्या वरच्या मजल्यावर होती. एक लांब टेबल, चौकटींचे मोठे कागद, चार टोकदार पेन्सिली आणि एक खिडकी. खिडकीतून समोरची भिंत दिसे. गाड्या दिसत नसत, आणि त्यांची त्याला गरजही नव्हती. घर डेपोपासून चालत दहा मिनिटांवर, त्यामुळे बसमध्ये बसायची वेळ वर्षानुवर्षं येत नसे. पोहण्याच्या तलावाशेजारी जन्म काढून पाय ओले न केलेली माणसं असतात, त्यातलाच तो. त्याच्या कागदावर स्टॉपना नावं नव्हती, नंबर होते. नावं लांबलचक असतात आणि चौकटीत मावत नाहीत, असं त्याचं म्हणणं.

ड्रायव्हर लोक कधीकधी तक्रार घेऊन वर येत. “साहेब, टेकडीचा चढ सात मिनिटांत होत नाही हो.” तो त्यांना खुर्ची देई आणि शांतपणे दाखवून देई: अंतर इतकं, वेग इतका, म्हणजे वेळ सात मिनिटं. “कुठे चुकलं ते सांगा.” कुठेच चुकलेलं नसे. ड्रायव्हर कागदाकडे बघत मान हलवी, खाली जाऊन हात टेकल्याची खूण करी आणि गाडी अकरा मिनिटांत चढवी. शेवटी डेपोत दोन वेळा रूढ झाल्या, एक ‘डोक्याचा टाइम’ आणि दुसरा ‘गाडीचा टाइम’. लोक गाडीच्या टाइमावर घरून निघत, अहवाल डोक्याच्या टाइमावर लिहिले जात, आणि कोणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते घरी.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं त्याची बायको भरपूर बोलायची. पण ती “अहो, मला वाटतं” एवढं म्हणाली की उरलेलं वाक्य तो पुरं करायचा, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर करायचा. दहाव्या वेळीसुद्धा ती “हो, तेच” म्हणून टाकायची, कारण पुन्हा पहिल्यापासून सांगायचा तिला कंटाळा येई. हळूहळू तिचं बोलणं आटत गेलं. त्याला वाटलं, आता आपलं इतकं जमलंय की बोलायची गरज उरली नाही. संसारात याहून मोठं सुख काय असतं, असंही त्याने एकदा कोणाला तरी सांगितलं होतं.

मुलगी झाली तेव्हा त्याने दात येण्याचा तक्ता भिंतीवर लावला. पहिला दात तक्त्यापेक्षा पंधरा दिवस उशिरा निघाला, तोवर पोरीला घेऊन हा दोनदा दवाखान्यात जाऊन आला. “दाताने तुमचा तक्ता वाचला नसेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बायको हसली. तो हसला नाही. तक्ता चुकीचा आहे की मुलगी, याचा विचार करत तो घरी आला.

माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. कधी आवाज चढवला नाही, कोणाचा अपमान केला नाही. आजारपणात औषधाची वेळ एका मिनिटानेही चुकवली नाही. फक्त औषध देऊन झालं की कॉटवर जरा टेकायचं असतं, कपाळावर हात ठेवायचा असतो, ते त्याला कोणत्याच कागदावर लिहिलेलं सापडलं नव्हतं.

बायकोची थोरली बहीण टेकडीवर पाण्याच्या टाकीजवळ राहायची. एकटीच. तिने तिथे घर घेतलं तेव्हा हा एकदा कोणाच्या तरी मोटारीतून जाऊन आला होता, त्यानंतर गेला नव्हता. बायको मात्र दर मंगळवारी आणि शुक्रवारी ताईकडे जायची. सकाळी जायची, दुपार कलली की परत यायची. ती जाते हे त्याला ठाऊक होतं. कशी जाते, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

तीन महिन्यांपूर्वी ताई हृदयाच्या आजाराने दवाखान्यात वारली. सगळी धावपळ त्याने केली, आणि चोख केली. कागदपत्रं, सह्या, गाडी, कुठेही पाच मिनिटांचा खोळंबा होऊ दिला नाही. मग तो बायकोजवळ आला. ती कॉरिडॉरमधल्या बाकावर ताईची शाल मांडीवर घेऊन बसली होती. तिला धीर द्यायला हवा, हे त्याला कळत होतं. म्हणून तो म्हणाला, “अशा हृदयाची माणसं साधारण अडुसष्टच्या आसपास जातात. ताईंना त्र्याहत्तर लागलं होतं. म्हणजे पाच वर्षं जास्तच मिळाली.”

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग शालीची घडी करत म्हणाली, “तुम्ही पुढे व्हा. मी ताईचं घर आवरून येते.”

दोन खोल्या, दोन कपाटं, एक माळा. आठ दिवसांचं काम, असा त्याने अंदाज बांधला. आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. दर रविवारी तिचा फोन यायचा. “जेवलात का? गॅस बंद करता ना? पाणी आलं का?” तिन्हींचं उत्तर ‘हो’ होतं. ते देऊन झालं की ती म्हणे, “बरं, ठेवते.”

घरात तो एकटा. संध्याकाळी दार उघडलं की सकाळी जिथे ठेवलेलं असे तिथेच सगळं असे. टॉवेल तिथेच, पेपर तिथेच, खुर्ची तितकीच वाकडी. ही गोष्ट इतकी अंगावर येते हे त्याला माहीत नव्हतं. तो चहा करायचा आणि सवयीने मनातल्या मनात बायकोला विचारायचा, “आज उशीर झाला, नाही?” आणि तिच्या वतीने स्वतःच उत्तर द्यायचा. इतकी वर्षं असंच तर चाललं होतं. पण आता उत्तरं सुचेनाशी झाली. ती काय म्हणाली असती, हेच त्याला आठवेना. तिचा चेहरा आठवायचा, हात आठवायचे, आवाज मात्र “हो, तेच” याच्या पुढे जायचा नाही. त्याला भीती वाटली. साध्या माणसाला अंधाराची वाटते तशी, कारण न देता वाटली.

मग एका सोमवारी दूरच्या गावी नोकरी करणाऱ्या मुलीचा फोन आला. “बाबा, आईचे थंडीचे कपडे पाठवायचेत. लोकरीचे दोन्ही स्वेटर आणि तिच्या चष्म्याच्या नंबराचा कागद.”

“थंडीला अजून दोन महिने आहेत.”

“हो.”

“तोपर्यंत ती येईल की इकडे.”

“बाबा, तुम्ही तिला विचारलंत?”

“विचारायचं काय त्यात? मी विचार केलाय. कारणं सहा आहेत.”

मुलगी हळूच म्हणाली, “बाबा, एकदा जाऊन या ना.”

त्या संध्याकाळी त्याने सहा कारणं कागदावर उतरवली. डावीकडे ती न येण्याचं कारण, उजवीकडे त्यावरचं उत्तर. ‘एक: ताईच्या जाण्याचं दुःख. उत्तर: जागा बदलल्याने दुःख लवकर हलकं होतं.’ ‘दोन: तिथली हवा.’ ‘तीन: गुडघा, आपल्या घराचा जिना.’ असं करत सहापर्यंत. कागद घडी करून त्याने शर्टाच्या खिशात ठेवला. स्वेटर घेतले नाहीत. नेले तर ती येणार नाही हे आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं त्याला वाटलं.

मंगळवारी रजा टाकून तो टेकडीच्या गाडीत बसला. आपल्याच वेळापत्रकातली गाडी. ती नऊ दहाला सुटायला हवी होती, ती नऊ सोळाला सुटली. त्याने घड्याळात पाहिलं आणि आजूबाजूला पाहिलं. सहा मिनिटांचं कोणालाच काही वाटलेलं दिसत नव्हतं.

कंडक्टरबाई तिकिटं फाडत जवळ आल्या. नोकरीत मुरलेल्या, चाळिशीच्या बाई. त्यांनी त्याला ओळखलं नाही. डोकं वर बसतं, खाली कोण ओळखणार?

“पाण्याची टाकी,” तो म्हणाला.

“टाकीला थांबत नाही काका. वखारीला उतरा आणि चालत वर जा.”

“थांबत नाही म्हणजे?”

“स्टॉप बंद आहे. अकरा वर्षं झाली. कुठल्या शहाण्याने बंद केला कोण जाणे. पुढचा स्टॉप थेट टेकडीच्या पलीकडे.” बाई मागच्या माणसाला सुटे देत बोलत राहिल्या. “आमचे जुने ड्रायव्हर गुपचूप थांबवायचे हो. एक बाई यायच्या आठवड्यातून दोनदा, त्यांच्यासाठी. मग वरून नोटीस आली, परवानगीशिवाय गाडी थांबवाल तर याद राखा. मग बंद झालं. वखार देऊ ना?”

“द्या,” तो म्हणाला.

तो बोटांवर स्टॉप मोजायला लागला. सतरा, अठरा. वखार म्हणजे अठरा. पाण्याची टाकी म्हणजे एकोणीस.

एकोणीस त्याला लख्ख आठवला. डेपोची माणसं वर्षातून एकदा, एका मंगळवारी, प्रत्येक गाडीत बसून प्रत्येक स्टॉपवर किती चढले, किती उतरले ते लिहून आणायची. त्या वर्षी एकोणिसाच्या चौकटीत आलं होतं: दिवसभरात चढणारे एक, उतरणारे एक. ऐन चढावर गाडी थांबवायची, पुन्हा उचलायची, आणि तेही एका माणसासाठी. तो स्टॉप काढला की दर फेरीला दोन मिनिटं वाचत होती, आणि त्या दोन-दोन मिनिटांतून दिवसाची एक जादा फेरी निघत होती. दोनशे माणसांची सोय. त्याने एकोणिसावर रेघ मारली होती. नोटिशीवर सहीही त्याचीच होती. आजही कोणी तो कागद पुढे ठेवला असता तर त्याला त्यात चूक सापडली नसती.

वखारीला तो उतरला. लाकडाच्या भुश्शाचा वास, करवतीचा आवाज, आणि समोर सरळ वर गेलेला रस्ता. गाडी त्याच्या पुढून निघून त्याच रस्त्याने वर गेली. ती टाकीवरून, ताईच्या दारासमोरून जाणार होती. तो चालायला लागला. कागदावर हा चढ पाऊण इंचाची रेघ होता. पाचव्या मिनिटाला त्याला धाप लागली. दहाव्या मिनिटाला शर्ट पाठीला चिकटला. आठवड्यातून दोनदा, वर्षाचे बावन्न आठवडे, अकरा वर्षं. डोक्याने आपणहून गुणाकार केला: अकराशे चव्वेचाळीस. नेहमी आकडा आला की त्याला बरं वाटायचं. आज आकडा आला आणि त्याचं काय करायचं ते कळेना.

अर्ध्या चढावर एका शिंप्याचं दुकान होतं. दाराबाहेर एक लाकडी खुर्ची होती. तो न विचारता तिच्यावर बसला, कारण पाय पुढे जात नव्हते.

शिंपी मशीन थांबवून बाहेर आला. “बसा, बसा. पाणी देऊ? ही खुर्ची त्यासाठीच आहे. एक बाई यायच्या, गुडघ्याने अधू. त्यांच्यासाठी ठेवली होती. आता त्या वरच राहतात.”

“मी त्यांच्याच घरचा,” तो म्हणाला.

“अस्सं?” शिंप्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. “म्हणजे ते डोकेवाले तुम्हीच? फार हुशार आहात म्हणतात. त्या बोलायच्या ना तुमच्याबद्दल.”

“ती बोलायची?”

“बोलायच्या म्हणजे? बसल्या की अर्धा तास तोंडाला विश्रांती नाही. आम्हाला हसवून हसवून बेजार करायच्या. कंडक्टरची नक्कल तर अशी करायच्या की बस्स.”

तो पाणी प्यायला. त्याची बायको नक्कल करते, हे त्याला आज कळत होतं. सदतीस वर्षं तो जिच्या वतीने बोलत होता ती कोणी दुसरीच बाई होती आणि खरी या खुर्चीवर बसून हसत होती. त्याला त्या शिंप्याचा हेवा वाटला, आणि मग स्वतःची इतकी लाज वाटली की तो पाण्याबद्दल आभार मानायचंही विसरून उठला.

टाकीजवळचं घर उघडंच होतं. बायको ओसरीवर जुन्या उशांचे अभ्रे उसवत बसली होती. त्याला बघून तिने सुई बाजूला ठेवली.

“चालत आलात?”

“स्टॉप बंद आहे.”

“हो,” ती म्हणाली आणि आत जाऊन पाणी घेऊन आली. “स्वेटर आणलेत?”

“नाही. तू घरी येशील म्हणून नाही आणले.”

ती समोर बसली. त्याच्या खिशातून डोकावणारा कागद तिने पाहिला. “यादी केलीत?”

तो ओशाळला.

“वाचा की. एवढी मेहनत घेतलीत.”

त्याने खरंच वाचली. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही. सहाही कारणं, सहाही उत्तरं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदा हसूही दाबलं. मग म्हणाली, “सगळं बरोबर आहे. फक्त यातलं एकही माझं नाही.”

कागद त्याच्या हातातच राहिला. “तो स्टॉप मी बंद केला,” तो म्हणाला. “एकोणीस नंबर. मला माहीत नव्हतं की ती तू आहेस.”

“माहीत होतं तुम्हाला.”

“नव्हतं. शपथेवर सांगतो.”

“अहो, मी सांगितलं होतं.” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला जास्त लागलं. “तुम्ही कागद घरी आणला होता. मी चहा ठेवायला आले आणि म्हटलं, टाकीचा स्टॉप ठेवा हो, मी तिथे उतरते. तुम्ही मला समोर बसवलंत आणि समजावून सांगितलंत. दोन मिनिटं, जादा फेरी, दोनशे माणसं. अर्धा तास सांगत होतात. छान सांगितलंत. मला सगळं पटलं.”

“मग?”

“मग काय? पटलं म्हणून चालायला लागले.”

त्याने आठवून पाहिलं. दोन मिनिटं आठवत होती, जादा फेरी आठवत होती, चहाही आठवत होता. चहा ठेवणारी काय म्हणाली ते आठवत नव्हतं. समोर बसून ऐकणारं माणूस कोण होतं, हे त्याच्या डोक्याने कुठेच टिपून ठेवलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि ते लपवायचं कसं हेही त्याला ठाऊक नव्हतं, कारण ती वेळ याआधी आलीच नव्हती.

बायको उठून त्याच्या शेजारी येऊन बसली. खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ नाही, पण शेजारी.

“तू घरी ये ना,” तो म्हणाला. त्याच्यामागे कारण जोडायला तो विसरला.

“नाही हो,” ती म्हणाली. “तुमच्यावर रुसून नाही. इथं मी एकटी आहे, तर एकटी आहे हे मला कळतं तरी. तिथं दोघं असून तसं असायचं, ते आता होत नाही माझ्याच्याने. तुम्ही या अधूनमधून. जेवायला या.”

“स्टॉप मी परत चालू करतो. उद्याच.”

“करा. लोकांना बरं पडेल,” ती म्हणाली.

तिने चहा केला, तो दोघांनी घेतला. मग उन्हं उतरली आणि तो निघाला. ती फाटकापर्यंत आली. त्याला काहीतरी विचारायचं होतं. ज्याचं उत्तर त्याच्याजवळ तयार नाही असं काहीतरी, आयुष्यात एकदा तरी. तो थांबला.

“तू एवढी वर्षं हा चढ चढत होतीस. चढताना कसला विचार करायचीस?”

तिने त्याच्याकडे पाहिलं. प्रश्न खरोखरच विचारलाय, आणि हा माणूस खरोखरच उत्तराची वाट बघतोय, हे तिच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

“विचार?” ती म्हणाली. “पाय दुखायचे हो.”

मग ती आत गेली, तिने दिवा लावला, आणि तो एकटाच उतार उतरू लागला.